घरगुती बिअरची बाटली : दाब, बूच आणि उजेड

कोकणात ताज्या माडीच्या भांड्याला कुणी घट्ट बूच मारत नाही, कारण माडावरून उतरल्यानंतरही तिचे आंबणे चालूच असते आणि सुटणाऱ्या वायूला वाट ठेवावी लागते. घरगुती बिअरची गोष्ट नेमकी उलटी आहे. आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये भरतेवेळी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर मिसळतात. उरलेले यीस्ट ती साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि तो बाटलीतच कोंडून राहिला तरच फेस मिळतो. बाटलीची निवड म्हणजे मुळात या दाबाचा बंदोबस्त.

सतराव्या शतकापर्यंत युरोपातली काच हा दाब भरवशाने पेलण्याइतकी मजबूत नव्हती. १६१५ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली, कारण ते आरमाराच्या जहाजांना हवे होते. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, त्यांची आच वाढली आणि जाड, गडद रंगाच्या दणकट बाटल्या निघू लागल्या. तोंड मात्र सालीच्या बुचानेच बंद होई आणि ते बूच उडू नये म्हणून दोरीने किंवा तारेने बांधावे लागे.

त्यावरचा एक उपाय कोकणातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये ज्या बाटलीचे पेटंट घेतले, तीच आपली गोटी सोड्याची बाटली. ती उलटी धरून दाबाखाली भरतात. सुलटी करताच आतला वायू काचेची गोटी मानेतल्या रबरी वायसरवर दाबून धरतो. ही रचना अत्यंत हुशारीची आहे, पण घरच्या बिअरला ती निरुपयोगी ठरते, कारण गोटी बसायला भरतानाच दाब हवा आणि बिअरमध्ये तो पुढच्या एक-दोन आठवड्यांत हळूहळू तयार होतो. शिवाय चिमटलेल्या मानेत ब्रश नीट फिरत नाही. घरच्यासाठी उपयोगी पडले ते दुसरे दोन शोध : १८७५ चे तारेच्या कडीचे झाकण आणि बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये आणलेले क्राउन, म्हणजे पत्र्याचे दातेरी झाकण.

घरगुती बिअरच्या सवयी परदेशात मुरल्या, याला कायदा कारण आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरच्यापुरती बिअर करण्यासाठी लागणारा परवाना काढून टाकला, अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने तिला करमुक्त मोकळीक दिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती करणे आजही गुन्हा आहे. घरी आंबवलेल्या आल्याच्या पेयालाही दाबाचे हेच नियम लागू पडतात.

किनाऱ्यावर या नियमांना उकाड्याची जोड मिळते. नेहमीइतका वायू असलेल्या बिअरच्या बाटलीत २० अंश सेल्सिअसला बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दोन बार जास्त दाब असतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या पडवीत तो तीनच्या घरात जातो. म्हणून चौकोनी किंवा चपट्या बाटल्या आणि दारूच्या पातळ काचेच्या फिरकी झाकणाच्या बाटल्या बाद कराव्यात. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. सपाट बाजू मात्र त्याखाली वाकते आणि फुटते. उजेडाचेही तसेच आहे. हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू द्रव्ये उजेडात फुटून उग्र गंधाचे गंधकयुक्त संयुग बनते. ते घडवणारे निळे-जांभळे किरण तपकिरी काच अडवते, हिरवी थोडेच अडवते आणि पांढरी जवळजवळ अडवतच नाही.

म्हणजे आपल्याकडची ६५० मिलिलिटरची तपकिरी बाटली या सगळ्या कसोट्यांना उतरते. कोकणातल्या घरांत तिच्यातच कोकमाचे आगळ भरून ठेवलेले दिसते. अशा बाटल्या कारखान्यात परत जाऊन पुन्हा भरल्या जातात. खांद्यावर आणि बुडाजवळ घासून उमटलेला पांढुरका पट्टा त्या फेऱ्यांची खूण असते. पट्टा फार रुंद झाला असेल, तर काच दमलेली समजावी. तोंडाच्या कडेवरून बोट हळूच फिरवून पाहावे. नखाएवढा टवका असला तरी क्राउन घट्ट बसत नाही. रॉकेल किंवा फिनेल भरलेली बाटली कितीही धुतली तरी घेऊ नये.

खाऱ्या हवेत क्राउनची कड आणि कडीची तार दोन्ही गंजतात, त्यामुळे पावसाळ्यात न वापरलेली क्राउन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि कडीच्या बाटलीचे रबर भेगा दिसताच बदलावे.