‘मले कसं नाही समजलं?’

विदर्भातल्या खेड्यात एखाद्या घरातला माणूस आत्महत्येनं गेला, की तेरवीच्या आत त्या घराला ‘का’ हा प्रश्न कितीदा तरी ऐकावा लागतो. पोलीस पाटील विचारतो, जबाब घेताना जमादार विचारतो, मदतीच्या प्रकरणाची चौकशी करताना तलाठी विचारतो. पाण्याचा पेला हातात घेता घेता दुरून आलेली आत्याही विचारते. पहिल्या तिघांचा नाइलाज असतो. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा हे सगळं कायद्यानं करावंच लागतं. पण सगळ्यांना उत्तरं देता देता घरातल्या बाईच्या मनात वेगळाच प्रश्न रुतून बसतो: ‘मले कसं नाही समजलं?’

आजारानं किंवा अपघातानं माणूस गेला तरी झोप उडते, घास उतरत नाही, दाराशी चाहूल लागली की तोच आला असं वाटतं. आत्महत्येनंतर या सगळ्यात अपराधीपणा, लाज आणि राग मिसळतात. राग गेलेल्यावरच असतो, आणि तो बोलून दाखवायची सोय नसते. ‘दोन लेकरं माझ्या पदरात टाकून निघून गेला’ असं विधवेनं म्हटलं तर ऐकणारे गप्प होतात किंवा तिलाच समजावू लागतात. खरं तर हा राग अगदी स्वाभाविक आहे आणि त्यानं प्रेम खोटं ठरत नाही.

अपराधीपणाबद्दल मात्र मानसशास्त्राकडे सांगण्यासारखं बरंच आहे. १९७५ मध्ये बारूक फिशॉफ या संशोधकानं लोकांना ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातल्या जुन्या लढाईची हकिगत वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. मग विचारलं, की नुसती हकिगत वाचून कोणता शेवट होईल असं वाटलं असतं? ज्यांना शेवट सांगितला होता त्यांना तोच जास्त संभवनीय वाटला. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे शेवट सांगितले होते, म्हणजे बहुतेकांना खोटाच. तरी हेच घडलं. निकाल कळला की मन मागच्या घटना त्या निकालाकडे तोंड करून मांडतं, आणि आपण तसं करतोय याची त्याला जाणीवही नसते.

जाण्याआधीच्या आठवड्यात तो दोनदा न जेवता उठला, बँकेची नोटीस घडी करून खिशात ठेवली, बहिणीला विनाकारण फोन केला. आज या गोष्टी सगळं उघड सांगत होत्या असं वाटतं. पण ज्या वर्षी पावसानं ताण दिला किंवा कपाशीवर बोंडअळी पडली, त्या वर्षी गावातली कितीतरी माणसं न जेवता उठतात. त्यातली जवळजवळ सगळी दुसऱ्या दिवशी वावरात जातात. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले. ठाऊक असलेल्या धोक्याच्या खुणांवरून आत्महत्येचे विचार आणि वर्तन यांचा आधीच अंदाज बांधणं कितपत जमतं, हा प्रश्न होता. उत्तर आलं: नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं. प्रश्नावल्या आणि शिक्षण हाताशी असलेल्यांना जे जमत नाही, ते दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला चुलीपाशी बसून जमायला हवं होतं, हा हिशेब कुठला? (कुणी मरणाची भाषा करत असेल तर दुर्लक्ष करावं, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याकडे पुढे येतोच.)

दुसरी गाठ आपल्या व्यवस्थेनं मारून ठेवली आहे. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर राज्य सरकार कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देतं. त्यासाठी नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा या गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात. कर्ज बहुतेकदा खरंच असतं, तगादाही. पण आत्महत्येमागे एकच कारण जवळजवळ कधीच नसतं. कर्जासोबत आजारपण, दारू, खोल उदासीनता, भावकीतला वाद असं काही ना काही गुंतलेलं असतं. चौकशीत यातलं काही तोंडातून गेलं तर प्रकरण हातचं जाईल, या धास्तीनं घर एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगत राहतं. बायको जे जगली त्यातलं अर्धं तिला गिळावं लागतं, आणि न बोललेलं दुःख सहसा हलकं होत नाही. मला विचाराल तर कुटुंबाचा आधार आणि मृत्यूचं कारण या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘अपात्र’ हा शेरा महसुली असतो, पण घरात तो गेलेल्या माणसावरचा निकाल म्हणूनच ऐकला जातो.

दुःखाच्या पाच पायऱ्या तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचल्या असतील. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं दुःख त्याच क्रमानं उतरतं याला फारसा पुरावा नाही. जास्त पटणारी मांडणी नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये केली. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. एकीकडे गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो काढून बसणं. दुसरीकडे बदललेल्या आयुष्याची कामं, नवी जबाबदारी, कधी नुसता विरंगुळा. दोन्ही लागतं, आणि ही ये-जा हाच सावरण्याचा मार्ग असतो.

आपल्याकडे ही मांडणी मृग नक्षत्राशी ताडून पाहावी. पेरणी कुणासाठी थांबत नाही. नवरा गेल्यावर पंधरवड्यात बाई वावरात उतरली तर गाव कुजबुजतं, ‘हिला काई वाटलंच नाई वो’. वास्तविक काम हा शोकाचाच एक भाग आहे. अडचण असलीच तर उलटी असते: ती कामाच्याच टोकाला अडकून पडते. बियाण्याची उधारी, वारस नोंद, फेरफार, लेकरांची शाळा. महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा ५०५ महिलांशी बोलून २०१८ मध्ये अहवाल काढला. त्यातल्या ४० टक्के बायकांच्या नावावर तोवर शेतजमीन झालेली नव्हती. सातबाऱ्यासाठी सासरशी भांडणाऱ्या बाईला रडायला सवड कुठून मिळणार? ती सवड मग पोळ्याला मिळते, बैल सजवायला तो नसतो तेव्हा. किंवा आखाजीला. सणांना दुःख उसळून आलं म्हणजे ती मागे गेली असं समजू नये.

बहुतेकांचं दुःख वर्ष-दोन वर्षांत कमी टोकदार होतं, संपलं नाही तरी. काहींचं होत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘दीर्घकालीन शोक’ हा वेगळा विकार म्हणून आला आहे. सहा महिने उलटूनही आणि समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त काळ, तीच ओढ आणि तीच वेदना रोजचं जगणं अडवत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा नसतो. त्यावर उपचार आहेत.

एक गोष्ट कुटुंबाबाहेरच्यांसाठीही महत्त्वाची. ब्रिटनमध्ये ३,४३२ तरुणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक पण नैसर्गिक मृत्यू अनुभवलेल्यांपेक्षा आत्महत्येनं जवळचं माणूस गमावलेल्यांनी स्वतः तसा प्रयत्न केल्याची शक्यता सुमारे ६५ टक्के जास्त आढळली, आणि नातं रक्ताचं आहे की नाही यानं फरक पडला नाही. बहुसंख्य लोक असा प्रयत्न करत नाहीत, हेही तितकंच खरं. पण लक्ष फक्त विधवेकडे देऊन भागत नाही. पारावरचा मित्र, एका बैलजोडीत भागीदारी असलेला शेजारी, कॉलेजात शिकणारा पुतण्या यांच्याकडेही पाहावं लागतं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोलिसांच्या भीतीनं लपवायचं कारण नाही: २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतो आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं.

हे सगळं शहरातच जमतं असं वाटत असेल तर अमरावती जिल्ह्यातली ३० गावं बघा. तिथे ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना तयार केलं होतं. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञही जोडून दिले होते. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतर २७.२ टक्के घेऊ लागले. आत्महत्येचे विचार असणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. पण मदत दाराशी आली तर माणसं ती घेतात, एवढं दिसलं.

लेकरांना ‘बाबा परगावी गेले’ असं सांगू नये. शाळेत दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सांगतं, आणि मग घरच्यांवरचाही विश्वास जातो. वयाला झेपेल इतकं खरं सांगावं आणि ‘तुझ्यामुळं झालं नाही’ हे न विचारता सांगावं, कारण लहान मुलं दोष स्वतःकडे घेतात.

शेजाऱ्यांचं येणं-जाणं तेरवीनंतर आटतं, आणि खरी ओढाताण तिथूनच सुरू होते. त्या घरी पुन्हा जायचं तर गेलेल्याचं नाव घेऊन त्याच्याबद्दल बोलावं, तो कसा हसायचा, कुठल्या बैलावर त्याचा जीव होता. फेरफारासाठी तलाठी कार्यालयात तिच्यासोबत बसावं. सोंगणी आली की एखादा दिवस विळा घेऊन तिच्या सोयाबीनमध्ये उतरावं.