मूळव्याधीची शस्त्रक्रिया: पंधरा दिवसांनी आणि काही वर्षांनी

मूळव्याधीची शस्त्रक्रिया करायचे ठरले की रुग्ण बहुधा दोनच प्रश्न विचारतो: किती दुखेल, आणि कामावर कधी जाता येईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र दोन-पाच वर्षांनी त्रास पुन्हा उद्भवेल का, हा तिसरा प्रश्न अनेकदा राहून जातो आणि शस्त्रक्रियेची निवड करताना खरे तर त्याचेच वजन जास्त असायला हवे. कारण जी पद्धत पहिल्या पंधरवड्यात सुखाची वाटते, तीच दीर्घकाळ टिकेल असे नाही.

मूळव्याध म्हणजे शरीरात बाहेरून आलेली गाठ नव्हे. गुदमार्गाच्या आतील बाजूला रक्तवाहिन्या, स्नायुतंतू आणि संयोजी ऊती यांच्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात. त्या बहुधा तीन असतात आणि एरवी गुदमार्ग बंद ठेवणाऱ्या दाबात त्यांचा वाटा सुमारे १५ ते २० टक्के असतो. या गाद्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू सैल झाले, की त्या फुगतात, खाली सरकतात आणि त्यांतून रक्त जाऊ लागते. वर्षानुवर्षे कुंथणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. शस्त्रक्रियेत एका उपयोगी अवयवाचा बिघडलेला भाग हाताळायचा असतो, ही गोष्ट लक्षात घेतली की पुढचे सगळे परिणाम समजणे सोपे जाते.

कोंब, म्हणजे फुगून खाली सरकलेल्या या गाद्या, कापून काढण्याची खुली पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडली. तिची जखम संवेदनशील त्वचेपर्यंत येते, त्यामुळे ती दुखते आणि भरून यायला काही आठवडे घेते. इटलीतील अँटोनियो लाँगो यांनी १९९८ मध्ये पुढे आणलेल्या स्टेपलर (टाचण्यांनी टाके घालणारे उपकरण) पद्धतीत कोंब कापले जात नाहीत. त्यांच्या वरच्या अस्तराची एक गोल पट्टी काढून कोंब वर ओढून घेतले जातात. त्या भागात वेदनेची जाणीव फारशी नसते, म्हणून रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. साहजिकच ही पद्धत वेगाने लोकप्रिय झाली.

ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ७७७ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या आठवड्यांत स्टेपलरच्या रुग्णांना वेदना कमी होत्या. दोन वर्षांनंतर मात्र मूळव्याध पुन्हा उद्भवल्याचे प्रमाण स्टेपलर गटात ४२ टक्के, तर कोंब कापून काढलेल्या गटात २५ टक्के आढळले. दोन वर्षांचा एकत्रित हिशेब मांडल्यावर जगण्याच्या दर्जाचे गुणही जुन्या पद्धतीकडेच झुकले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे: काही आठवड्यांच्या वेदनेची बचत आणि नंतरची पुनरावृत्ती, या दोन्ही गोष्टी रुग्णासमोर एकत्र ठेवल्या गेल्या पाहिजेत.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत कोंबांकडे जाणाऱ्या धमन्या बांधण्याची शस्त्रक्रिया आणि कोंबाच्या मुळाशी घट्ट बसवले जाणारे साधे रबर बँड यांची तुलना होती. एका वर्षात पुनरावृत्ती अनुक्रमे ३० आणि ४९ टक्के दिसली. हा फरक मोठा भासतो. परंतु बँड अनेकदा एकाहून जास्त वेळा लावावे लागतात, आणि असा दुसरा उपचार ‘पुनरावृत्ती’ म्हणून मोजला गेल्याने हा फरक बराचसा वाढला होता. म्हणून टक्केवारी ऐकताना कशाला ‘परत येणे’ म्हटले आहे, हे विचारायलाच हवे. शस्त्रक्रियेनंतर बाहेर राहिलेली त्वचेची निरुपद्रवी घडीही कित्येकांना परत आलेली मूळव्याध वाटते आणि ते विनाकारण खचून जातात.

कापून काढण्याच्या पद्धतीचीही किंमत आहे. जखमांच्या मध्ये पुरेशी निरोगी त्वचा शिल्लक ठेवली नाही, तर व्रण आकसून गुदद्वार अरुंद होते. गाद्यांचा फार मोठा भाग गेला किंवा गुदद्वार आवळून धरणाऱ्या आकुंचक स्नायूला इजा झाली, तर वायू किंवा पातळ मल रोखण्याची क्षमता कमी होऊ शकते. हे गंभीर परिणाम कमी जणांत दिसतात. तरी अवघड बाळंतपणात ज्यांच्या त्या स्नायूला पूर्वी इजा झाली आहे, त्या स्त्रियांनी संकोच न करता ते शल्यचिकित्सकाला आधीच सांगावे. स्टेपलरनंतरही काहींना शौचाची सतत भावना किंवा दीर्घकाळ टिकणारी वेदना राहते.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, तिने कुंथण्याची सवय जात नाही. तंतुमय आहार वाढवल्याने मूळव्याधीचा रक्तस्राव लक्षणीय कमी होतो, हे चाचण्यांत दिसले आहे. शस्त्रक्रियेनंतर शौच मऊ ठेवण्यासाठीही तोच आहार कामी येतो. आणि काही वर्षांनी पुन्हा रक्त दिसले, तर ‘जुनीच मूळव्याध असेल’ असे गृहीत धरून घरी बसू नये. फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर), आतड्यातील पॉलिप (अस्तरावरची गाठ) आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांतही शौचावाटे रक्त जाते, आणि यांपैकी नेमके काय आहे हे तपासणीशिवाय कळत नाही.