अनुशीतन, पी३एचटी पटलांचे

पॉलि(३-हेक्झिलथायोफीन) किंवा पी३एचटी या बहुवारिकाचे (लांब साखळी-रेणूंच्या पदार्थाचे, म्हणजे पॉलिमरचे) पातळ पटल वितळणबिंदूपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, सामान्यतः ११० ते १५० अंश सेल्सिअसला, काही मिनिटे तापवून त्याची अंतर्रचना सुधारण्याची प्रक्रिया. पी३एचटी मुळात अर्धसंवाहक आहे. डोपिंग केल्यावर (अल्प प्रमाणात दुसरा पदार्थ मिसळून भारवाहक वाढवल्यावर) त्याची विद्युत् संवाहकता खूप वाढते.

क्लोरोबेंझीनमधील द्रावण फिरत्या काचेवर पसरले की विद्रावक भराभर उडून जातो. बहुवारिकाच्या साखळ्या नीट रचल्या जाण्याआधीच जागच्या जागी अडकतात. उष्णतेने त्यांना हालचालीला वाव मिळतो. साखळीतील थायोफीनची कडी (गंधकयुक्त पंचकोनी वलये) एका प्रतलात येतात आणि साखळ्यांच्या थप्प्या लागतात. थप्पीत शेजारच्या साखळ्यांमध्ये सुमारे ०.३८ नॅनोमीटर अंतर असते, तर हेक्झिल शाखांनी (सहा कार्बन अणूंच्या बाजूच्या साखळ्यांनी) विलग केलेल्या थरांमध्ये सुमारे १.६ नॅनोमीटर. हा बदल साध्या डोळ्यांनाही दिसतो: फुलेरिनपासून (कार्बन अणूंच्या पोकळ गोलाकार रेणूपासून) बनवलेले व सौर घटात इलेक्ट्रॉन स्वीकारणारे पीसीबीएम मिसळलेले तांबूस पटल जांभळट होते.

स्फटिकता वाढली एवढे सांगणे मात्र अपुरे आहे. विद्युत् भार साखळीतून आणि थप्पीतून सहज वाहतो, हेक्झिलच्या थरातून जवळजवळ नाही. म्हणून थप्पीची दिशा निर्णायक ठरते. ट्रान्झिस्टरला ती काचेला समांतर हवी, सौर घटाला उभी असलेली बरी. १९९९ मध्ये केंब्रिजच्या हेनिंग सिरिंगहाउस व सहकाऱ्यांनी दिशेनुसार भारवाहकांच्या गतिशीलतेत शंभरपटीहून अधिक फरक पडतो, असे दाखवले. साखळीतील कडी एकाच क्रमाने जोडलेली नसतील, तर तापवूनही फारसे साधत नाही.

२००३ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे पाडिंगर, रिटबर्गर व सारिचिफ्त्ची या संशोधकांनी पी३एचटी-पीसीबीएम सौर घट नुसते तापवून त्याची कार्यक्षमता ०.४ वरून २.५ टक्क्यांवर नेली. तापवताना विद्युत् दाबही दिल्यावर ती ३.५ टक्के झाली. २००५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलन हीगर यांच्या गटाने १५० अंशांना ३० मिनिटे तापवून सुमारे ५ टक्के गाठले.

अति तापवले तर लाभ उलटतो. पीसीबीएमचे रेणू सरकत एकत्र येतात आणि त्यांचे मायक्रोमीटर आकाराचे स्फटिक बनतात. प्रकाशाने निर्माण झालेली उत्तेजित अवस्था बहुवारिकात साधारण १० नॅनोमीटरच सरकू शकते, त्यामुळे जिथे विद्युत् भार वेगळे होतात त्या पीसीबीएमच्या सीमेपर्यंत पोचण्याआधीच ती विरते. ॲल्युमिनियमचा विद्युत् अग्र बसवल्यानंतर तापवल्यास हे स्फटिक वाढायला आडकाठी होते व धातूचा पटलाशी संपर्कही सुधारतो. हीगर यांच्या गटाने हाच क्रम ठेवला होता.