आधी ऐकू, मग काढू : शाळांसाठी चित्र आणि आवाजाची कार्यशाळा

मुख्याध्यापक, कलाशिक्षक आणि पालकांसाठी माहिती

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी ही एका दिवसाची कार्यशाळा आहे. रंग लगेच हातात येत नाहीत. मुलं आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसतात. पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, कावळा, रस्त्यावरचा हॉर्न असे आवाज हळूहळू सुटे होऊन कानावर येतात. मग कागदाच्या मधोमध स्वतःचा ठिपका काढून कुठला आवाज कुठून, किती लांबून आला ते रेषांनी मांडायचं. पंख्याची रेघ बहुतेक जण अखंड काढतात. हॉर्नचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं.

त्यानंतर बाटल्या. सारख्या काचेच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरून चमच्याने वाजवलं, की जास्त पाण्याचा स्वर खालचा लागतो. त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारली, की उलट होतं : जास्त पाणी, वरचा स्वर. वाजवताना काच आणि पाणी कंप पावतं, फुंकताना वरची उरलेली हवा. हे आम्ही आधी सांगत नाही, मुलांना भरपूर वाद घालू देतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी या वेळी जरूर थांबावं.

दिवसाचा मोठा भाग वारली चित्राचा. हे चित्र आवाजापासून वेगळं काढताच येत नाही, असं आमचं ठाम मत आहे. डहाणू-जव्हारकडे लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात तेव्हा गाणी चालू असतात, आणि लग्न लावणारी धवलेरीही ते गाऊनच लावते. (हा चौक आम्ही वर्गात काढून घेत नाही. तो लग्नघरचा आहे.) आम्ही तारप्याचा नाच घेतो. तारपा म्हणजे दुधी भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वादक श्वास न तोडता वाजवतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं फिरतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतही हे वेटोळं आहे. मुलं आधी मैदानात तारप्यावर पावलं टाकतात, मगच गेरूच्या कागदावर तांदळाच्या पिठाने काढतात. नाचून आलेल्या मुलांच्या चित्रातली माणसं गुडघ्यात वाकतात. नुसती नक्कल केली, की ती ताठ उभी राहतात. वादक आम्ही पालघर जिल्ह्यातूनच बोलावतो, त्यांचं मानधन शुल्कात धरलेलं असतं.

एका वेळी चाळीस मुलं, मधल्या सुट्टीसह चार तास. गेरू, पीठ, बांबूच्या काड्या, बाटल्या आमच्या. नळाजवळची जागा, बादल्या आणि रद्दी शाळेची. गेरूचा डाग सहज जात नाही, म्हणून मुलांना गणवेशावर जुना शर्ट घालून पाठवा. घटक चाचणीचे दिवस टाळा, आवाज बराच होतो.

कमी ऐकू येणारी किंवा मोठा आवाज सहन न होणारी मुलं असतील तर आधी कळवा. कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बाटलीवर बोटं टेकवून कंप कळतो, मोठा आवाज नको असलेल्यांसाठी आम्ही बैठकीची जागा बदलतो.

ही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी नव्हे. स्पर्धा, क्रमांक, बक्षिसं नाहीत. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढत नाही. शुल्क दिवसाचं असतं, मुलांच्या संख्येवर नाही. पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टची तारीख हवी असेल तर निदान दोन आठवडे आधी सांगा. कागद आम्ही गेरू लावून, वाळवून आणू.