जुन्या विलायती दुनळी बंदुकांची घडण आणि दर्जा: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक दुनळी बंदुका आजोबा-पणजोबांकडून वारशाने आलेल्या असतात, आणि ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही बंदूक भारी आहे का? नक्षी पाहून याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी बंदुकीची रचना आणि नळ्यांवरचे शिक्के पाहावे लागतात.

पॅरिसच्या लफोशो यांची मागून काडतूस भरायची बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडली गेली, आणि तेथून इंग्लंडमधील ठासणीच्या बंदुकांचा काळ ओसरू लागला. १८६३ मध्ये लंडनचे बंदूक-कारागीर पर्डी यांनी नळ्यांखालच्या खाचांत सरकणारी अडसरपट्टी आणली आणि १८६५ मध्ये बर्मिंगहॅमचे बंदूक-कारागीर स्कॉट यांनी ती वरच्या कळीने हलवण्याची सोय केली. आज आपण अंगठ्याने कळ सारून बंदूक उघडतो, ती याच जोडीमुळे. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स पेढीतील अ‍ॅन्सन आणि डीली यांनी नळ्या झुकवताच आतले घोडे चढतील अशी यंत्रणा केली. हीच बॉक्सलॉक. तिच्यात भाग थोडे असतात, त्यामुळे आमच्या मते कोकणातल्या दमट हवेत तिच्याइतकी बिनतक्रार बंदूक दुसरी नाही.

साइडलॉकमध्ये यंत्रणा दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेली असते. ती घडवायला वेळ फार लागतो, पण चाप स्वच्छ सुटतो आणि चांगल्या साइडलॉकमध्ये धक्क्याने सुटलेला घोडा अडवणारा दुसरा अडकावही असतो. बीस्ली यांच्या १८८० च्या पेटंटवर पर्डीची बंदूक आजही बनते. काही बॉक्सलॉकना मात्र केवळ शोभेच्या पट्ट्या लावलेल्या असतात. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या भागांच्या खिळ्यांची डोकी सहसा दिसतात, शोभेची पट्टी सहसा कोरी असते. खात्री करण्यासाठी घरी पेचकस लावू नये. एकदा खरचटलेला स्क्रू बंदुकीची किंमत उतरवतो.

दर्जा म्हणजे मुख्यतः कारागिराचे तास: नळ्या किती निगुतीने घासून उतरवल्या, अक्रोडाचे लाकूड कसे निवडले, नक्षी किती दाट. आपल्याकडे पुष्कळ दिसणाऱ्या वेब्ली अँड स्कॉटच्या महायुद्धानंतरच्या बंदुकांत ७०० साधी, ७०२ मधली आणि ७०१ सर्वांत वरची. आकड्यांचा क्रम पाहून ग्राहक हटकून चुकतात. मूळ यंत्रणा तिन्हींची एकच आहे. नळीवरचे नावही जपून वाचावे, कारण १८९१ मध्ये मुंबईत उघडलेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानांचे नाव कोरलेल्या बंदुका मुळात दुसऱ्या कारखान्यांत घडत.

आता सर्वांत महत्त्वाचे. नळ्या काढून उलट्या धरल्या की खालच्या सपाट भागावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे, म्हणजे नळ्या दाबाला टिकतात का हे बार उडवून तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के दिसतात. 'नॉट फॉर बॉल' (गोळीसाठी नाही) असे कोरलेले असेल, तर नळी १८७५ ते १८८७ या काळात चाचणी झालेली चोकची, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेली, आहे. जुन्या बारा बोअरचे काडतूसघर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. काडतुसाच्या डब्यावर छापलेली लांबी मात्र बार उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या घरात अगदी सहज बसते, आणि बार उडताना उघडायला जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो. खडकीच्या कारखान्याची काडतुसे घ्या वा आयात केलेली, लांबी वाचल्याशिवाय भरू नका.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्या सुंदर दिसतात, पण त्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतील तर आजची काडतुसे त्यांत वापरू नयेत. कोणत्याही दुनळीला गरम क्षारांत बुडवून काळा रंग देऊ नये, कारण त्याने नळ्यांमधली पट्टी जोडणारा मऊ डाख (कथलाचा जोड) सुटतो. अशी एक बंदूक आमच्याकडे आली होती. रंग आरशासारखा होता, पण नळ्या दोरीला टांगून बोटाने टिचकी मारली तेव्हा घंटेसारखा नाद येण्याऐवजी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला.

तपासणीसाठी बंदूक रिकामी, नळ्या वेगळ्या करून आणि मूळ परवान्यासह आणावी. शिक्के, काडतूसघराची लांबी आणि नळीच्या भिंतीची जाडी यांची नोंद आम्ही आपल्यासमोर करून लेखी देतो. दर्जा आणि किंमत यांवर त्यानंतरच बोलतो.