माँटमोरिलोनाइट

स्मेक्टाइट गटातील, पाण्याने फुगणारे मृत्तिका खनिज. फ्रान्समधील माँमोरियाँ या गावावरून १८४७ मध्ये त्याला हे नाव मिळाले.

संरचना : सिलिकेच्या दोन चतुष्फलकी (चार पृष्ठांच्या घटकांच्या) स्तरांमध्ये ॲल्युमिनाचा एक अष्टफलकी (आठ पृष्ठांच्या घटकांचा) स्तर असतो (२:१). होफमान, एन्डेल व विल्म यांनी हे प्रारूप १९३३ मध्ये मांडले. काही चतुष्फलक उलटे असावेत, असे एडेलमान व फाव्हेये यांनी १९४० मध्ये सुचविले. मात्र अष्टफलकातील ॲल्युमिनियमाची जागा मॅग्नेशियम घेते असे मानल्यास थरांवरील ऋणभाराचा उलगडा सरळ होतो. त्यामुळे जुने प्रारूपच सामान्यतः ग्राह्य धरतात. आयन-विनिमयक्षमता (धरलेले धन आयन द्रावातील दुसऱ्या आयनांशी बदलण्याची क्षमता) १०० ग्रॅ.मागे सु. ८०–१२० मिलितुल्यांक असते, केओलिनाइट या दुसऱ्या मृत्तिका खनिजाची ३–१५.

दख्खनच्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट नेमके कोणते, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासकांनी ते बायडेलाइट (याच गटातील दुसरे खनिज) मानले. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी लिथियम-कसोटी वापरतात : लिथियमयुक्त नमुना सु. २५०–३०० अंश से.ला तापवून त्यावर ग्लिसरॉलची क्रिया करतात. माँटमोरिलोनाइट पुन्हा फुगत नाही. ज्याचा भार चतुष्फलकात आहे ते बायडेलाइट फुगते. या मातीतील खनिज माँटमोरिलोनाइटाच्या जवळचे असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जड धातू : शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांचे आयन या खनिजात दोन ठिकाणी धरले जातात : थरांमध्ये व कडांवर. थरांमधील आयनांभोवती पाण्याचे वेष्टन कायम असते. हे आयन सैल बांधलेले असल्याने सोडियम वा कॅल्शियम वाढताच सुटतात. कडांवरील हायड्रॉक्सिल गटांशी मात्र थेट बंध जुळतो व तो पीएच मूल्यावर अवलंबून असतो. कोणत्या जागेचा वाटा आहे हे पाहण्यासाठी ०·०१ व ०·१ मोलर सोडियम नायट्रेटातील धारणेची तुलना करावी : क्षार वाढल्यावर धारणा घटली, तर वाटा थरांमधील जागांचा. क्लोराइड वापरू नये. कॅडमियम त्याच्याशी जटिल आयन बनवून द्रावातच राहते. मृत्तिकेविना कोरी चाचणीही घ्यावी, नाहीतर उच्च पीएचला शिशाचा जो साका बसतो तोच अधिशोषण (मृत्तिकेने आयन पृष्ठभागावर धरणे) म्हणून मोजला जातो. ही चूक वारंवार होते. पीएच ४ च्या खाली हायड्रोजन व विरघळलेले ॲल्युमिनियम स्पर्धा करतात. क्रोमेट ऋण आयन असल्याने जवळजवळ धरला जात नाही.

काळ्या मातीत चुनखडी असते व पीएच बहुधा ७·५–८·५ असतो. तेथील शिशाची धारणा अंशतः कार्बोनेटामुळे असते, ती सर्व मृत्तिकेच्या खाती टाकता येत नाही.