विमान शिकायला येताय? मग आधी हे वाचून घ्या

नमस्कार! तुम्ही आमच्याकडे ट्रेनिंगला नाव दिलंय किंवा द्यायचा विचार चाललाय, तर पहिल्या फ्लाइटच्या आधी हे निवांत वाचा. फॉर्म, मेडिकल वगैरे ऑफिसमध्ये समजावून सांगतोच. इथे फक्त ते लिहिलंय जे नवीन स्टुडंट हमखास विचारतात, किंवा विचारायला लाजतात.

पहिला प्रश्न ठरलेला, इंजिन बंद पडलं तर? तर विमान धाडकन खाली येत नाही. सेसना १७२ सारखं छोटं विमान इंजिनाशिवाय पण तरंगत पुढे जातं, वारा नसेल तर दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास पावणेतीन किलोमीटर. तेवढ्यात उतरायला जागा कशी शोधायची ह्याचा सराव तुम्हाला एकट्याने सोडण्याआधीच करून घेतो.

दुसरी भीती स्टॉलची. ह्यात इंजिन व्यवस्थित चालू असतं बरं का, पंख हवेला ज्या कोनात भिडतो तो कोन फार वाढला (साधारण १५-१६ अंश) की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि लिफ्ट (विमानाला वर उचलणारा जोर) कमी होते. उपाय सोपा आहे, नाक खाली सोडा, विमान परत उडायला लागतं. अवघड एवढंच की नाक खाली पडताना दिसलं की हात आपोआप योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढतो, आणि तीच खोड मोडायला आम्ही भरपूर उंचीवर जाऊन मुद्दाम स्टॉल करायला लावतो. दोन-चार वेळा केलं की भीती जाते, काहींना तर मजा यायला लागते. एक मात्र लक्षात ठेवा, उंची राखून ४५ अंश कलून वळलात तर स्टॉलचा स्पीड जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो आणि ६० अंशात ४१ टक्क्यांनी, म्हणून रनवेजवळ कमी उंचीवर, कमी स्पीडमध्ये करकचून वळणं आम्ही अजिबात खपवून घेत नाही.

सुरुवातीला सगळ्यांचं एकच होतं, योक असा घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात. दोन बोटं आणि अंगठा पुरतो. हाताला जोर लागतोय असं वाटलं की ट्रिमचं चाक (योकवरचा जोर कमी करणारं छोटं चाक) फिरवा, जोर नाहीसा होईपर्यंत, मग हात सैल सोडून बघा, विमान आपलं आपण सरळ जातं. आणि बाहेर बघा! सिम्युलेटर खेळून आलेल्यांना हे जास्त सांगावं लागतं, त्यांचे डोळे डायलवरून हटतच नाहीत, क्षितिज समोर एवढं मोठं दिसत असताना. टेकऑफला उजव्या पायाने पेडल दाबायची आठवण ठेवा, आमच्या विमानांत फुल पॉवरला नाक डावीकडे ओढलं जातं.

आता लँडिंग. खरं सांगायचं तर बहुतेक जण इथेच अडकतात, सात-आठ फ्लाइट्स छान जातात आणि मग अचानक वाटतं आपल्याला काहीच येत नाही. हे होतंच, त्यावरून तुम्ही पायलट होणार की नाही हे ठरत नाही. फायनलवर (उतरण्याआधीचा रनवेच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा) आलात की रनवेवरचा एक ठिपका पकडा. काचेत तो जागच्या जागी राहिला तर तुम्ही बरोबर येताय, वर सरकला तर तुम्ही अलीकडेच टेकणार, खाली सरकला तर पुढे जाणार. स्पीड सांभाळा. भीतीपोटी "थोडा जास्त असू दे" म्हणून दहा नॉट जास्त घेऊन आलात की विमान रनवेवर तरंगतच राहतं, कारण जमिनीलगत पंखांचा ड्रॅग (हवेचा मागे खेचणारा अडथळा) कमी होतो. रनवेवर पोहोचल्यावर नजर चाकापुढच्या डांबरावर नको, लांब रनवेच्या टोकाकडे न्या, तरच उंचीचा अंदाज येतो. मग घाई न करता नाक हळूहळू वर धरत राहा, विमान टेकायला बघेल, तुम्ही टेकू देऊ नका, शेवटी मागची दोन चाकं आपोआप टेकतील. विमान उसळलं तर नाक खाली दाबायचं नाही, पुढचं चाक आपटून मोडतं ते असंच. पॉवर द्या आणि गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून परत वर जा. गो-अराउंड केलं म्हणून आमच्याकडे कोणी कोणाला हसत नाही, उलट न केल्याबद्दल ओरडा बसतो.

रेडिओची धडधड सगळ्यांनाच असते. कोणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय, एवढं मांडीवरच्या पॅडवर आधी लिहून ठेवा आणि वाचून दाखवा, चालतं. कळलं नाही तर परत विचारा. आणि कितीही बोलणं चालू असो, आधी विमान उडवायचं, मग दिशा, बोलणं सगळ्यात शेवटी.

उडण्याआधीची तपासणी उरकून टाकू नका. टाकीतून काढलेलं पेट्रोल पारदर्शक कपात उजेडाकडे धरून बघा, पाणी असेल तर ते जड असल्यामुळे तळाला वेगळं दिसतं. पण अख्खा कपच पाण्याचा असेल तर पाणी-पेट्रोलमधली रेघ दिसणारच नाही! म्हणून रंग बघा, आमचं १००एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, आणि वास पण घ्या.

किती तास लागतील? बऱ्याच देशांत प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० ते ४५ तासांची अट असते, पण प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा आलात तर हात बसतो, महिन्यातून एकदा आलात तर अर्धा तास मागचं आठवण्यातच जातो. सोबतच्याचा सोलो (एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण) आधी झाला म्हणून हिरमुसू नका. तुमचा होईल तेव्हा इन्स्ट्रक्टर उतरल्यामुळे विमान हलकं होईल, पटकन वर चढेल, आणि उतरताना जरा जास्तच तरंगेल, दचकू नका.

पहिल्या दिवशी पातळ तळाचे बूट घाला, पेडल जाणवायला हवेत. गॉगल पोलराइज्ड नको, त्यातून काही स्क्रीन काळ्या दिसतात. रिकाम्या पोटी येऊ नका आणि तुडुंब जेवून पण नको. मळमळलं तर लगेच सांगा, तोंड मिटून बसू नका, आम्ही परत फिरतो.